उसवलेल्या पिशव्या

लोणीच्या सार्वजनिक विहिरीवरची मोटर जळाली, तेव्हा टँकर नुकताच विहिरीत रिकामा होऊन गेला होता. विहिरीत पाणी होतं, पण वर टाकीत येत नव्हतं. बायका टाकीखाली हंडे लावून उन्हात बसून होत्या. शेवटी चार गडी लावून पाइप वर ओढला, तर पाइपच्या तळाशी पाणी ओढणाऱ्या फुटवॉलच्या जाळीला कॅरीबॅगा चिकटलेल्या. गुरांच्या कानात गोचिडी बसाव्यात तशा गच्च बसल्या होत्या. काळ्या, पांढऱ्या, गुलाबी. एकीत तर गाठ मारलेली चिमूटभर हळद अजून शाबूत होती.

"ही कुणाची हळद गं?" म्हणून एकीनं विचारलं. कुणी हसलं नाही. घरात प्यायला पाणी नव्हतं.

ते वर्ष दुष्काळाचं. ओढा दिवाळीलाच आटला होता. ज्यांच्या बोअरला थोडं पाणी राहिलं होतं त्यांच्याच रानात कांदा दिसत होता, बाकी सगळी ढेकळं. वारा सुटला की आठवडे बाजाराच्या जागेवरून कॅरीबॅगा उठायच्या आणि कुंपणाच्या काट्यांना, बाभळींना, विहिरीच्या कठड्याला जाऊन लागायच्या. आजवर कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा भरली. हौशीराम उभा राहिला. तो पंचायतीचा सदस्य, पन्नाशीचा, आवाज मोठा. गेल्या कार्तिकात त्याचा बाप रखमाजी वारला होता, तेव्हापासून त्यानं बापासारखाच पांढरा फेटा बांधायला सुरुवात केली होती.

"उद्यापासनं बाजारात आन दुकानात कॅरीबॅग बंद," तो म्हणाला. "ज्याच्या हातात दिसंल त्याच्या घरी टाकीचं पाणी न्हाई."

गेणूशेट दुकानदार जागेवरूनच बोलला, "मग मी साखर काय गिऱ्हाइकाच्या पदरात वतू?"

"आमच्या येळंला पदरातच वतायचा की रं तुझा बाप," मागून एक म्हातारी म्हणाली. "आन वर दोन दाणे जास्तीचे टाकायचा. तुझ्यासारखा न्हवता."

आता मात्र लोक हसले. गेणूशेटही हसला. "पुड्या बांधीन मी कागदाच्या. पण पुड्या न्यायच्या कशात? लोकांची सवय गेली भाऊ. समदे हात हालवत येत्यात."

तेव्हा बायकांच्या मागून जानकाबाई उठली. बौद्धवस्तीतली, भागुजीची बायको. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगातले ब्लाउज तिच्या मशीनवरचे. ती म्हणाली, "घराघरातनं जुनं कापड द्या. मी पिशव्या शिवते. शिलाईचं पंचायतीनं बघावं."

"बंद तुटायचं बरं का," कुणीतरी म्हणालं.

"माझ्या शिलाईचा बंद तुटला तर मला सांगा," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या साली तिला कामाची गरज होती. दुष्काळात कोण ब्लाउज शिवून घेतं? गुडघे सुजायचे म्हणून तिला रानात बसता येत नव्हतं. पोरगा प्रबुद्ध मंचरला पिकअप चालवायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा. सून यशोधरा हौशीरामच्या रानात कांदा काटायला, उपटलेल्या कांद्याची पात कापायला, जायची. भागुजी म्हातारा झाला होता. दोन शेळ्या राखायचा आणि दारात बसून दोरखंड वळायचा. मशीन चाललं तरच घराला आधार होता.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात कापड येऊन पडू लागलं. धोतरं, पातळं, चादरी, पडद्याचे तुकडे. जानकाबाई आधी ते धुवायची, पाणी जपून, मग उन्हात ताणून बघायची. जिथं जीर्ण असेल तिथं हाताला कळायचं. तेवढं कापून टाकायचं. धोतर चार पदरी, पातळ दुपदरी. बंदाला आतून गोणपाटाची पट्टी. बंद जिथं पिशवीला जोडायचा तिथं चौकोनी टीप आणि चौकोनात फुली. मशीनचं पायडल सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालायचं. गुडघा दुखायला लागला की ती पाय बदलायची.

तिनं एक रीत घातली होती. ज्या घरचं कापड, त्या घराला पहिली पिशवी. उरलेल्या गेणूशेटच्या दुकानात. त्यानं दारावर वेळू आडवा बांधला, त्यावर त्या टांगल्या. जो पिशवी विसरून येईल त्यानं तिथली न्यायची आणि पुढच्या खेपेला आणून टांगायची.

महिन्याभरात गावाला त्याची गोडी लागली. कारण असं, की पिशवी कुणाच्या कापडाची ते लांबून ओळखू यायचं. लोणीत माणसं एकमेकांची लुगडी ओळखतात.

"आज माझी बायको कुणीकडं चालली रं?" एकजण ओरडायचा, बायकोच्या जुन्या पातळाची पिशवी दुसऱ्याच्या हातात बघून.

"दळायला न्येतोय. संध्याकाळी आणून टांगतो."

"दळून आण, पण जपून आण."

गेणूशेटच्या लेंग्याची पिशवी कुणी उचलेना. शेवटी बायकांनी ठरवलं, ती बोंबलांची. मग ज्याला सुकट-बोंबील न्यायचे असतील त्यानं शेटच्या लेंग्यातून न्यायचे. गेणूशेट चिडायचा, पण पिशवी काढून टाकली नाही.

बाभळीवरच्या कॅरीबॅगा पोरांनी काठीनं काढल्या. नवीन मोटर सुरळीत चालली. पंचायतीचा शिपाई शेजारच्या धामणीत जाऊन सांगून आला, आणि तिथल्या बायका कापड घेऊन जानकाबाईला शोधत आल्या.

भागुजी दारात दोरखंड वळता वळता म्हणायचा, "गाव पहिल्यांदाच आपल्या दारात कायतरी मागायला येतंय."

"मागायला न्हाई, द्यायला येतंय," जानकाबाई म्हणायची.

"त्येच त्ये."

एक दिवस दुपारी सरूबाई आली. हौशीरामची बायको. तिच्या काखेत मोठं गाठोडं होतं. गाठोडं बांधलं होतं तिच्याच एका हिरव्या पातळाच्या तुकड्यात, त्याला लाल ठिगळ. ते ठिगळ सगळ्या गावाला माहीत होतं. भैरोबाच्या जत्रेत भंडाऱ्याचा स्वयंपाक करताना चुलीतली ठिणगी उडून सरूबाईच्या पातळानं पेट घेतला होता, आणि बायकांनी आमटीचं पाणी ओतून ते विझवलं होतं. महिनाभर तिला सगळे 'आमटी' म्हणत होते.

तिनं गाठोडं उंबऱ्याशी ठेवलं. आत नवीकोरी उपरणी, टॉवेल, पांढरी सुती धोतरं.

"आगं, हे तर कुणी वापरल्यालंसुदीक न्हाई," जानकाबाई म्हणाली. "कुणाचं?"

"घरातलंच. पावण्यांनी आणल्यालं. माळ्यावर पडून व्हतं."

"टोपी-टॉवेल व्हय? माझ्याबी पेटीत हाय तसलं."

पाणी दिलं तर सरूबाई म्हणाली, "नगं, कांदा पडलाय," आणि भराभर निघून गेली.

लग्नात, बारशात पाहुणे एकमेकांना टॉवेल-टोपी देतात, ती कुणी वापरत नाही, पेटीतून पेटीत फिरत राहते. जानकाबाईला ते तसलंच वाटलं. कापड चांगलं होतं, जड, घट्ट विणीचं. दोन-तीन उपरण्यांना कोपऱ्यात काळपट डाग होते. तिला वाटलं पेटीचा गंज. साबण लावून घासले, पुसट झाले. त्या कापडाच्या पिशव्या सगळ्यात देखण्या झाल्या. एका उपरण्याला जांभळा काठ होता, तो तिनं बरोबर पिशवीच्या तोंडाशी आणला.

बाजाराच्या दिवशी गेणूशेटच्या दुकानात गर्दी होती. जानकाबाई नव्या पिशव्या वेळूवर टांगत होती. सरूबाई चहापत्ती घ्यायला आलेली होती. हौशीराम आत आला, तंबाखूची पुडी मागितली आणि त्याची नजर वर गेली. त्यानं हात लांबवून एक पिशवी काढली. जांभळ्या काठाची. काठावर बोट फिरवलं, उलटी केली, आतून कोपरा बघितला.

"हे कुठनं आणलं?" तो म्हणाला.

जानकाबाई म्हणाली, "का, काय झालं भाऊ?"

"हे उपरणं माझ्या बापाच्या अंगावरचं हाय. मी सवता घातलं व्हतं, हिच्या भावानं आणलं व्हतं. ह्यो बघ बुक्का." त्यानं कोपरा सगळ्यांना दाखवला. "मसणवटीत काढून ठेवल्यालं कापड हे."

गुळाच्या ढेपेवर माश्या घोंगावत होत्या तेवढाच आवाज.

त्या गावात माणूस गेला की नातेवाईक कापड घेऊन येतात. एकावर एक अंगावर घालतात, त्यावर काळा बुक्का वाहतात. सरणावर एवढं चालत नाही म्हणून वरची कापडं काढून बाजूला ठेवतात, आणि मग ती पाण्यात सोडायची. फार पूर्वी ती सोडत नसत. ती भागुजीच्या घराण्यानं उचलायची, अशी गावाची रीत होती. छप्पन साली धर्म बदलला त्यानंतर पहिली मयत झाली तेव्हा भागुजीचा बाप भिमाजी मसणवट्यात उभा राहून म्हणाला, "आजपास्नं आमी ह्याला हात लावत न्हाई." पाटलांनी त्याचं काम बंद केलं. त्यानं वर्षभर रस्त्यावर खडी फोडली, पण कापड उचललं नाही. हे दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच सगळे गप्प झाले.

"मी मसणवटीत पाय ठिवत न्हाई," जानकाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "हे कापड तुमच्या घरातनं आलंय."

"माझ्या घरातनं? मी सवता हिला सांगितलं व्हतं, वढ्याच्या डोहात सोडून ये म्हणून." हौशीरामनं बायकोकडं बोट केलं. "काय गं? सोडलं व्हतं का न्हाई?"

सगळ्यांनी सरूबाईकडं बघितलं. जानकाबाईनंही बघितलं. सरूबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, चहापत्तीची पुडी मुठीत घट्ट धरली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून गेली.

"बघा," कुणीतरी हळूच म्हणालं. "उचलल्यालंच दिसतंय. सवय कुठं जाती?"

एका बाईनं हातातली पिशवी रिकामी केली, बटाटे ओट्यावर ओतले आणि पिशवी जानकाबाईच्या पायाशी टाकली. तिचं बघून दुसरीनं टाकली. ज्यांच्या स्वतःच्या पातळाच्या होत्या त्यांनीही टाकल्या, एकदा धुऊन शिवलेल्या सगळ्या एकच असल्यासारख्या. गेणूशेट ओट्याखाली वाकला. वर आला तेव्हा त्याच्या हातात कॅरीबॅगांचा गठ्ठा होता. जानकाबाईच्या नजरेला नजर न देता त्यानं एक फटकन झटकून उघडली.

जानकाबाईनं पायाशी पडलेल्या पिशव्या एकेक करून उचलल्या, घडी घातली. गुडघा वाकत नव्हता, तरी ती प्रत्येकीसाठी वाकली. घरी जाईपर्यंत ती कुठं थांबली नाही.

भागुजीला बातमी तिच्या आधी कळली होती. तो दारात बसला होता, दोरखंड अर्धा वळलेला तसाच पायात पडला होता.

"खरं हाय?" त्यानं विचारलं.

"कापड खरं हाय. उचललं ते खोटं हाय. सरूबाईनं हातानं आणून दिलं."

"तुला बुक्का वळखाया आला न्हाई?"

"गंज वाटला."

भागुजीनं मान खाली घातली. "माझ्या बापानं खडी फोडली," तो म्हणाला. "हाताची सालटी निघायची. रातच्याला आई त्याल लावायची. मी बघितलंय. आन तेच कापड माझ्या घरात मशीनखालनं गेलं."

जानकाबाई त्याच्याजवळ बसली. "तुमच्या बापानं जाणून सोडलं. मी न जाणता घेतलं. आता मी जाणून परत करीन."

"कोण इस्वास ठिवंल?"

"ठिवायचा न ठिवायचा त्यांचा परशन हाय. मी माझं काम करते."

यशोधरा चुलीपुढून म्हणाली, "मी उद्या त्यांच्या काटणीला जायची न्हाई, आत्या."

"जा," जानकाबाई म्हणाली. "म्या बी येते."

"तुमी? तुमचा गुडघा..."

"काटाया न्हाई. उसवाया."

सकाळी हौशीरामच्या वाडग्यात, घरापुढच्या कुंपण घातलेल्या जागेत, कडुनिंबाखाली बायका कांदा काटत होत्या. विळ्याचा करकर आवाज, कांद्याच्या पातीचा वास, डोळ्यांना पाणी. हौशीराम गोण्या भरून घेत होता. जानकाबाई फाटकातून आत आली. एका काखेत त्या कापडाच्या सगळ्या पिशव्या, दुसऱ्या काखेत काहीतरी घडी केलेलं. यशोधरानं मान वर केली आणि परत खाली घातली.

"काय काम काढलं?" हौशीराम म्हणाला. आवाज कालच्यासारखाच, पण थोडा खालचा.

"तुमच्या घरचं कापड परत कराया आले भाऊ."

"ठिव की मग तिथं."

"असं कसं? जसं आलं तसं देते. पिशव्या शिवून न्हाई दिल्या मला कुणी."

ती सावलीत बसली, दुखरा पाय लांब केला. कनवटीतून दाढीचं पातं काढलं आणि पहिली पिशवी उसवायला घेतली. आधी बंद. चौकोनातली फुली, मग चौकोन. तिनं स्वतःच इतकं मजबूत शिवलं होतं की पातं अडकत होतं. ती घाई करत नव्हती. एक टीप तोडायची, बोटानं दोरा ओढायचा, आणि तो दोरा डाव्या हाताच्या बोटांभोवती गुंडाळायचा.

"दोरा कशाला गुंडाळताय?" हौशीरामनं विचारलं. तो गोणी सोडून जवळ आला होता.

"कापड तुमचं. दोरा माझा."

बायकांचे विळे मंदावले होते. पहिलं उपरणं मोकळं झालं. जानकाबाईनं ते मांडीवर सपाट केलं. कापलेल्या तुकड्यांच्या कडा जुळवून ठेवल्या. मग दुसरं घेतलं. मग टॉवेल. ऊन सरकलं तशी ती सावलीबरोबर सरकली. घरातून सरूबाई दोनदा दारात आली आणि दोनदा आत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा चौकटीला धरून उभी राहिली.

सगळं उसवून झालं तेव्हा जानकाबाईनं दुसऱ्या काखेतली घडी उलगडली आणि कांद्याच्या पाल्याशेजारी जमिनीवर पसरली. हिरवं पातळ. मधोमध लाल ठिगळ. त्यावर तिनं उपरणी, टॉवेल, धोतरं एकावर एक नीट रचली आणि चारी टोकं धरून गाठ मारायला घेतली.

"आगं बाई," कांदा काटणाऱ्या एका बाईच्या तोंडून निघालं. "ही तर जत्रेतली आमटी."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी ठिगळाकडं बघितलं आणि मग दाराकडं.

जानकाबाई म्हणाली, "गाठोडं बी तुमचंच हाय. ह्यातच आलं व्हतं."

हौशीराम ठिगळाकडं बघत राहिला. त्या आगीत त्याचाही हात भाजला होता. मनगटावर अजून डाग होता. तो वळला.

"सरे," तो म्हणाला. एवढंच.

सरूबाई पायऱ्या उतरून आली. डोळे कांद्यानं लाल झाले म्हणावं तर ती कांद्याजवळ नव्हती. "म्या दिलं," ती म्हणाली. "वढ्यावर गेले व्हते. डोहात बी पाण्याचा थेंब न्हवता. कोरड्यात टाकलं तर कुत्री वढतील, मामंजींचं कापड. मागारी आणून माळ्यावर टाकलं. नवं कापड... मला टाकवलं न्हाई."

"आन काल? काल दुकानात तोंड शिवलं व्हतं?" हौशीरामचा हात वर गेला.

"हात खाली घ्या भाऊ," जानकाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "दुष्काळाच्या सालात नवं कापड कुणाला टाकवंल?"

हात खाली आला.

सरूबाई जानकाबाईपुढं उकिडवी बसली. हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, तुमच्यात चालतं."

"चालत व्हतं. माझ्या सासऱ्यानं सोडलं तवा मी जल्माला बी आले न्हवते."

"मी सांगितलं असतं तर घेतलं असतं?"

"न्हाई," जानकाबाई म्हणाली. "म्हणून तर सांगायचं व्हतं."

तिनं गाठ घट्ट केली, दोऱ्याचा गुंडा कनवटीला लावला आणि उठायला जमिनीवर हात टेकला. सरूबाईनं हात पुढं केला. जानकाबाईनं एक क्षण त्या हाताकडं बघितलं, मग तो धरून उठली.

यशोधरा विळा ठेवून उभी राहिली होती. "चला आत्या, घरापतूर सोडते."

"काट कांदा," जानकाबाई म्हणाली. "आजचा रोज बुडवू नगस."

त्याच दुपारी हौशीराम गाठोडं मोटरसायकलला बांधून पारगावला घोडनदीवर गेला. तिथं डोहात थोडं पाणी होतं. जाताना तो गेणूशेटच्या दुकानापुढं थांबला नाही, पण गाठोडं मागं हिरवंगार दिसत होतं, लाल ठिगळ वर करून. दुकानातल्या माणसांनी ते बघितलं. वाडग्यातल्या बायका संध्याकाळी घरी गेल्यावर उरलेलंही गावाला कळलं.

दुसऱ्या दिवशी गेणूशेट स्वतः बौद्धवस्तीत आला. दारात उभा राहून डोकं खाजवत होता.

"जानकामावशी, वेळू मोकळा पडलाय."

"कॅरीबॅगा टांग की."

"माझं चुकलं. पर त्या लेंग्याच्या पिशवीची सवय झालीया लोकांना. बोंबील कशात न्यायचे?"

भागुजी दारातून म्हणाला, "दुसरा लेंगा न्हाई का तुझ्याकडं?" आणि दोन दिवसांत पहिल्यांदा खोकत खोकत हसला.

जानकाबाई हसली नाही. "मी शिवीन," ती म्हणाली. "पर घरी न्हाई. बाजारच्या दिवशी तुझ्या दुकानाम्होरं मशीन मांडीन. कापड ज्याचं त्यानं सवता आणायचं. कुणाचं हाय, कुठनं आलं, समद्यांदेखत सांगायचं. मगच मी कातर लावीन."

"बायामाणसांनी बी?"

"समद्यांनी. सरपंच असू दे न्हाईतर पुढारी."

बाजारच्या दिवशी प्रबुद्धनं पिकअपमधून मशीन आणलं. भागुजी मागं हौद्यात मशीन धरून बसला होता. तो गेली कित्येक वर्षं बाजारात आला नव्हता. दुकानापुढं गोणपाट अंथरलं, मशीन ठेवलं, त्याच्या शेजारी तो मांडी घालून बसला.

पहिल्यांदा कुणी पुढं येईना. लोक भाजी घेत होते, मिरच्या निवडत होते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. मग ग्रामसभेत बोललेली ती म्हातारी आली. तिनं फाटकं नऊवारी मशीनवर टाकलं.

"कुणाचं?" जानकाबाईनं विचारलं.

"माझं. माझ्या लेकीनं घेतलं व्हतं. लेक अजून जित्ती हाय, म्या बी हाय," म्हातारी ओरडून म्हणाली. "शीव."

बाजार हसला. कातर चालली. मग एकामागून एक येऊ लागले. "चादर, थोरल्याच्या लग्नातली." "शाळेचा गणवेश, पोरगं नापास झालं त्या सालचा." प्रत्येकजण सांगायचा आणि मागचे त्यावर काहीतरी बोलायचे. ज्यांनी पिशव्या पायाशी टाकल्या होत्या त्यांच्यातली एक आली, स्वतःचीच जुनी पिशवी मागायला. जानकाबाईनं ढिगातून बरोबर तिचीच काढून दिली. त्या बाईनं पिशवी उघडून तिथंच तिच्यात बटाटे भरून घेतले.

दुपार कलली तेव्हा हौशीराम आला. बरोबर सरूबाई. गर्दीनं आपोआप वाट दिली. तो मशीनपुढं उभा राहिला आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. उघडं डोकं, घामानं चिकटलेले पांढरे केस. बाजारात हौशीरामचं डोकं उघडं कुणी बघितलं नव्हतं. त्यानं फेटा मशीनवर ठेवला.

जानकाबाईनं फेट्याला हात लावला नाही. तिनं भागुजीकडं बघितलं. भागुजीनं हौशीरामकडं बघितलं, मग मान हलवली. नाही म्हणून.

"डोक्यावरचं डोक्यावर ऱ्हाऊ द्या भाऊ," जानकाबाई म्हणाली. "आमाला कुणाचं डोकं उघडं करायचं न्हाई. खांद्यावरचं द्या."

हौशीरामच्या खांद्यावर त्याचा रोजचा पंचा होता, कांद्याच्या डागांचा, घामाचा. त्यानं तो काढून पुढं केला.

"कुणाचं?" तिनं विचारलं, बाकीच्यांना विचारलं तसंच.

"माझं," हौशीराम म्हणाला.

"मागं ऐकू गेलं न्हाई," गर्दीतली म्हातारी म्हणाली.

हौशीरामनं आवाज चढवला, ग्रामसभेत चढवायचा तेवढा. "माझं! माझ्या अंगावरचं. आन मागचं कापड आमच्या घरातनं गेलं व्हतं. ह्यांनी उचललं न्हवतं."

सरूबाई त्याच्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "म्या दिलं व्हतं." तिचा आवाज लहान होता, पण तो पलीकडं मिरचीवाल्यापर्यंत गेला.

जानकाबाईनं पंचा झटकला, सुतावर आडवा-उभा ताणून बघितला. मधे जीर्ण होता, कडेला घट्ट. तिनं एक टोक भागुजीपुढं केलं.

भागुजीचे हात दोरखंड वळून घट्टे पडलेले. त्यानं पंच्याचं टोक दोन्ही मुठींत धरलं आणि ताठ ओढलं. कातर मधोमध सरळ निघून गेली.

"मिरच्यांपुरती पिशवी हुईल का हेची?" हौशीराम फेटा बांधत बांधत म्हणाला.

"बटाट्याचा भार बी पेलंल," जानकाबाई म्हणाली आणि पायडलवर पाय ठेवला.